२६/११ च्या रात्री 'फोर्स वन' होतं कुठे?

नोव्हेंबर आला की काळ्या गणवेशातल्या जवानांचा फोटो फिरू लागतो. खाली ओळ असते: 'ताजमध्ये लढलेले, कसाबला पकडणारे आपले फोर्स वन.' दोन्ही गोष्टी चूक.

२००८ च्या त्या रात्री फोर्स वन अस्तित्वातच नव्हतं. हल्ल्यानंतर धडा घेऊन महाराष्ट्र पोलिसांनी हे पथक उभारलं, तेही २००९ मध्ये. ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमधली निर्णायक कारवाई एनएसजीच्या, म्हणजे केंद्राच्या दहशतवादविरोधी दलाच्या कमांडोंची. त्यांच्याआधी नौदलाचे मार्कोस कमांडो ताजमध्ये शिरले होते.

आणि कसाब? तो कुठल्याच कमांडोच्या हाती लागला नाही. गिरगाव चौपाटीजवळच्या नाकाबंदीत साध्या पोलिसांनी त्याला धरलं. बहुतेकांच्या हातात फक्त लाठ्या होत्या. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी त्याच्या एके-४७ ची नळी घट्ट पकडली, अंगावर गोळ्या झेलल्या, पण सोडली नाही. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. तेव्हा एनएसजीचे जवान मुंबईत पोचलेही नव्हते. ते आले २७ तारखेच्या सकाळी.

फोटो खरा असेलही, ओळ मात्र बदला. निदान ओंबळ्यांचं श्रेय तरी दुसऱ्याच्या नावावर नको.