पर्णौषधींची रासायनिक परीक्षा (बेळगाव सीमाभाग)

औषधी पाने अस्सल, स्वच्छ व गुणवान आहेत का, हे रासायनिक कसोट्यांनी ठरविण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात अडुळसा, तुळस, निर्गुडी ही पाने नित्याच्या वापरातली आहेत. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावला जाणारा अडुळसा येथे मुख्यतः विचारात घेतला आहे.

रसायनांकडे वळण्याआधी पान सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. अडुळशात महारुखाच्या पानांची भेसळ होते. मग पान जाळून उरणारी राख मोजतात. भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशात अडुळशाच्या पानांना एकूण राख २१ टक्क्यांपर्यंत चालते. हे प्रमाण मोठे वाटले तरी ते मातीचे लक्षण नव्हे, कारण पानाच्या पेशींतच कॅल्शियम कार्बोनेटचे खडे असतात. ते विरल हायड्रोक्लोरिक अम्लात विरघळतात, वाळू उरते; म्हणून अम्लात न विरघळणारी राख १ टक्क्यापेक्षा अधिक असू नये. रस्त्याकडेच्या कुंपणावरून तोडलेला पाला प्रथम येथेच अडतो. जलविद्राव्य अर्क, म्हणजे पानातला पाण्यात विरघळणारा अंश, किमान २२ टक्के लागतो.

खरा वाद अल्कलॉइडांविषयी, म्हणजे वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त गुणकारी द्रव्यांविषयी, आहे. अडुळशातील मुख्य अल्कलॉइड व्हॅसिसीन हूपर यांनी सुमारे १८८८ मध्ये वेगळे केले, असे सामान्यतः मानतात. श्वासनलिका रुंदावणारे दुसरे अल्कलॉइड व्हॅसिसिनोन अमीन व मेहता यांनी १९५९ मध्ये नोंदविले. ते पानात मुळातच असते, की व्हॅसिसिनाचे हवेत ऑक्सिडीकरण होऊन तयार होते, यावर एकमत नाही. हवा व प्रकाश यांमुळे हे रूपांतर होते, हे प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे पान वाळविण्याच्या रीतीला महत्त्व देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. केवळ व्हॅसिसिनाचा आकडा पाहून पान नाकारणे मग घाईचे ठरते. पातळ थराच्या वर्णलेखनात (अर्कातील घटक पातळ थरावर अलग करण्याच्या पद्धतीत) ड्रागेनडॉर्फ द्रावण फवारल्यावर अल्कलॉइडांचे नारिंगी ठिपके उमटतात, आणि प्रमाणित नमुना शेजारी चालविल्यास व्हॅसिसीन व व्हॅसिसिनोन वेगळी ओळखता येतात. खानापूरच्या पावसाळ्यात पाला लवकर वाळत नाही, त्याला बुरशी धरते. तेव्हा आर्द्रतेचा आकडाही सोबत मागणे शहाणपणाचे.

निपाणीचा तंबाखू व्यापारी हाताने व वासाने पान पारखतो. औषधी पानांत ही पारख शिसे दाखवीत नाही, ज्याची मर्यादा दशलक्ष भागांत १० आहे. पारंपरिक वैद्यकावरील केंद्रीय संशोधन संस्था बेळगावातच आहे (स्थापना २००६).

तुळस व निर्गुडी यांत बाष्पनशील तेल ऊर्ध्वपातनाने मोजतात; कडक उन्हात वाळविलेल्या पाल्यात ते घटते.