लाहौलच्या सहलीला निघण्यापूर्वी

हिमाचल प्रदेशातल्या लाहौलच्या आमच्या सहलीसाठी नाव नोंदवल्याबद्दल आभार. कपडे, औषधं आणि ओळखपत्रांची यादी वेगळी पाठवली आहेच. हे पत्रक आहे ते तिथे काय बघायचं आणि कसं वावरायचं, यासाठी.

मनाली सोडलं की गाडी अटल बोगद्यात शिरते. लांबी 9.02 किलोमीटर. ऑक्टोबर 2020 मध्ये तो सुरू झाला. त्याआधी रोहतांग खिंडीत बर्फ पडला की लाहौलचा रस्ता जवळपास सहा महिने बंद असायचा. मनालीच्या बाजूला देवदारांची गर्द झाडी दिसते आणि पलीकडे बाहेर पडताच उघडे, तपकिरी डोंगर. पीर पंजालची रांग पावसाळी ढग अडवते, त्यामुळे लाहौलात पाऊस बेताचाच. पहिल्यांदा जाणाऱ्यांची इथे थोडी निराशा होते. जरा थांबा, सिस्सू गावापासून पुढे नीट बघा. त्या रखरखीत उतारांवर मध्येच हिरवेगार पट्टे दिसतील. त्यातलं एकही हिरवं पान पावसाच्या जिवावर उगवलेलं नाही.

चंद्रा नदी खाली खोल घळीतून वाहते, तिचं पाणी शेतात चढत नाही. म्हणून पाणी वरून आणतात. हिमनदीखालच्या नाल्याला बांध घालून डोंगराच्या कडेकडेने पाट काढलेला असतो. तिथे त्याला ‘कूल’ म्हणतात. गावात पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. सकाळी फिरायला निघालात तर एखादी बाई फावडं घेऊन दारं धरताना, म्हणजे पाणी वळवताना, दिसेल: दोन दगड, चिखलाचा एक गोळा, वर गवताचं ढेकूळ, की पाणी या वाफ्यातून वळून पुढच्या वाफ्यात. पाळीची वेळ चुकली तर शेत तहानलेलं राहतं. म्हणून कूल ओलांडताना कडेचा दगड पायाने सरकवू नका. गंमत म्हणूनसुद्धा नाही.

उंची 3,000 मीटरच्या आसपास, त्यामुळे वर्षाला पीक एकच. वसंतात बर्फ लवकर वितळावा म्हणून शेतातल्या बर्फावर माती किंवा राख पसरतात. काळा थर ऊन धरतो आणि जमीन आधी मोकळी होते. पूर्वी जव आणि कुट्टू (बकव्हीट) यांवर घर चालायचं. आता मुख्य पिकं म्हणजे वाटाणा, बटाटा आणि फ्लॉवर. मैदानात उन्हाळ्या-पावसाळ्यात ताजा वाटाणा मिळत नाही, तेव्हा तो इथून निघतो. बटाटा बेण्यासाठी नावाजलेला आहे: थंड हवेत मावा ही कीड कमी, म्हणून विषाणूरोगही कमी.

आपली सहल वाटाण्याच्या तोडणीच्या दिवसांत आहे. बांधावर पोती, वजनकाटा, रस्त्याकडेला ट्रक आणि वाकून शेंगा तोडणारी माणसं. त्यात बरेच मजूर बाहेरून, काही नेपाळहून आलेले असतात. आमच्या मते बर्फाच्या शिखरांपेक्षा हे बघण्यासारखं आहे. पण फोटो विचारून काढा आणि शेंगा तोडून खाऊ नका. हव्या असल्या तर काट्यावर मोजून मिळतील.

घरांची धाबी सपाट असतात. त्यावर वाळत घातलेला चारा दिसेल, तो हिवाळ्यातल्या गुरांसाठी. ओढ्याकाठी बुंध्याशी जाड आणि वर नुसत्या कोवळ्या फांद्या, अशी विलोची झाडं आहेत. ती मुद्दाम छाटलेली असतात. चारा, सरपण आणि छपराचं लाकूड सगळं त्यातूनच.

मुक्काम शेतकऱ्यांच्याच घरी आहे. ‘जुले’ (तिथला नमस्कार) म्हटलं की सुरुवात छान होते, पुढे हिंदी चालते. तोडणीच्या दिवसांत घरची माणसं उजाडायच्या आत शेतावर असतात, तेव्हा चहाला उशीर झाला तर हाका मारू नका. एखाद्या संध्याकाळी मार्चू नावाची तळलेली पोळी मिळाली तर नाही म्हणू नका.

एका दिवशी तांदीला चंद्रा आणि भागा यांचा संगम बघून आपण त्रिलोकनाथच्या देवळात जातो. तिथल्या एकाच मूर्तीला हिंदू शिव मानतात आणि बौद्ध अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचे बोधिसत्त्व. पुजारीही बौद्ध परंपरेतले. घाईत आटोपण्यासारखी ती जागा नाही, तासभर धरा.

त्या दिवशी निघायचं पहाटे. उन्हाने बर्फ वितळला की दुपारनंतर नाल्यांना पाणी चढतं आणि काही वेळा रस्ता अडतो. नाश्ता सहाला, गाडी साडेसहाला.