हळदीच्या पोत्याचा मालक कोण?

सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला लागलेली हळद शेतकऱ्याची, याबद्दल कुणी वाद घालत नाही. पण त्या पोत्यामागे जमीन आहे, वाण आहे, ‘सांगलीची हळद’ हे नाव आहे आणि हळदीच्या गुणांचे ज्ञानही आहे. या प्रत्येकावरची मालकी वेगळ्या जातीची आहे.

मालकी म्हणजे हक्कांची मोळी. कायदेपंडित टोनी ऑनरे यांनी १९६१ साली तिच्यात ११ घटक मोजले. ताबा, वापर, उत्पन्न, वारसाकडे जाणे हे तर आहेतच. पण इतरांना अपाय होईल असा वापर न करणे आणि कर्जापोटी जप्ती सोसणे हेही मालकीतच येते. मोळीतल्या दोन-चार काड्या काढल्या तरी मालक मालकच राहतो. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे विक्रीवर सरकारी अट असलेली जमीन कसता येते, पण परवानगीशिवाय विकता येत नाही.

इथेच सातबाऱ्याबद्दलचा मोठा गैरसमज आहे. खरेदीखताची नोंदणी झाली की गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदवहीत, फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर सातबाऱ्यावर नाव चढते. ही नोंद महसुली आहे, तिने मालकी जन्माला येत नाही. १९६६ च्या महसूल संहितेनुसार उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी मानायची, एवढेच. म्हणून जमीन घेताना फक्त ताजा उतारा पाहून भागत नाही. जुने फेरफार काढून वाचावेत. वारसनोंदीत एखाद्या बहिणीचे नाव राहिले असेल, तर ते तिथेच सापडते.

श्रमातून मालकी निर्माण होते, असे इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉकने सतराव्या शतकात मांडले. मात्र इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले शिल्लक राहिले पाहिजे, अशी अटही त्याने घातली. जमिनीत ही अट पाळणे अवघड, कारण एका गुंठ्यात दोघांना वेगवेगळी पिके घेता येत नाहीत. ज्ञानाचे तसे नाही. हळद जखमेवर लावतात हे शेजाऱ्याला सांगितले, म्हणून आपल्याकडचे कमी होत नाही. मग ज्ञानाला कुंपण कशासाठी? नवे शोधणाऱ्याला खर्च भरून काढता यावा यासाठी, आणि तेही मुदतीपुरते. पेटंट २० वर्षांचे असते, पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे.

शोध नवा नसेल तर हे कुंपण घालण्याचा आधारच उरत नाही. अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळाले. भारताच्या सीएसआयआरने (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने) त्याला आव्हान दिले. पुराव्यात जुन्या संस्कृत ग्रंथातला उल्लेख आणि १९५३ चा एक वैद्यकीय शोधनिबंध होता. १९९७ मध्ये दावे रद्द झाले. घरोघरच्या आजींना ठाऊक असलेली गोष्ट कागदावर छापलेली होती, म्हणून हे जमले. नुसते ‘आम्हाला पूर्वीपासून माहीत आहे’ म्हणून भागले नसते.

नावाची गोष्ट आणखी वेगळी. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरू देणारे संरक्षण, मिळाले. नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण करता येते. गोदामातली हळद बाजार समितीकडे तारण ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज काढता येते. मानांकनाचे नाव मात्र विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. कारण ते इथल्या सगळ्या उत्पादकांचे आहे. ते वापरायचे तर शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. आपल्याकडे ढिलाई होते ती याच टप्प्यावर. मानांकन मिळाल्याचा आनंद होतो, नोंदणी मागे पडते, आणि दुसरीकडची हळद याच नावाने विकणाऱ्याला कुणी अडवत नाही.

वाणाच्या बाबतीत २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा शेतकऱ्याच्या बाजूने उभा आहे. संरक्षित वाणाचे बेणे राखून ठेवणे, पुन्हा लावणे, भावकीत देणे, विकणे हे सगळे चालते. मनाई आहे ती संरक्षित वाणाचे बेणे ब्रँडच्या नावाने विकायला.