डिझेलच्या उत्प्रेरकातील अरुंद खिडक्या

सायलेन्सरमधून काळा धूर येत नाही म्हणजे डिझेल इंजिन स्वच्छ आहे, हा समज पक्का रुजलेला असला तरी चुकीचा आहे. नायट्रिक ऑक्साइड हा वायू रंगहीन असतो आणि ज्वलनाचे तापमान वाढेल तसा तो हवेतल्याच नायट्रोजन व ऑक्सिजनपासून अधिक तयार होतो. इंधनाच्या नळीवर चुंबक बसवून हे प्रदूषण थांबवण्याचे दावे केले जातात, पण त्यांना रसायनशास्त्राचा कसलाही आधार नाही.

डिझेलच्या उत्सर्जित वायूत ऑक्सिजन भरपूर उरत असल्याने पेट्रोल गाड्यांचा त्रिमार्गी उत्प्रेरक (तीन प्रकारचे प्रदूषक एकाच वेळी नष्ट करणारा) येथे नायट्रोजनच्या ऑक्साइडांपुरता निरुपयोगी ठरतो. म्हणून त्या वायूत ३२.५ टक्के युरियाचे द्रावण फवारतात. त्यातून निघालेला अमोनिया उत्प्रेरकावर नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी संयोग पावतो आणि नायट्रोजन व पाणी उरते.

खरी कसोटी टिकाऊपणाची आहे. गाळणीत साठलेली काजळी जाळताना ६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेला, वाफेने भरलेला वायू उत्प्रेरकावरून जातो. हा उत्प्रेरक म्हणजे झिओलाइट, अर्थात सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम व ऑक्सिजन यांची सच्छिद्र चौकट. तिच्यात जेथे अ‍ॅल्युमिनियम असतो तेथे ऋणभार असतो, आणि तोच अभिक्रिया घडवणाऱ्या तांब्याच्या आयनाला धरून ठेवतो. वाफ नेमके अ‍ॅल्युमिनियमचेच बंध तोडते. झेडएसएम-५ या जुन्या झिओलाइटची छिद्रे सुमारे ०.५५ नॅनोमीटर रुंद असल्याने सुटलेला, सुमारे ०.५ नॅनोमीटर आकाराचा अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड त्यांतून निसटतो आणि चौकट ढासळू लागते. एसएसझेड-१३ या झिओलाइटच्या खिडक्या मात्र केवळ ०.३८ नॅनोमीटरच्या आहेत: अमोनिया व नायट्रिक ऑक्साइड त्यांतून सहज ये-जा करतात, पण अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड आतच अडकतो आणि तापमान उतरल्यावर चौकटीत परत बसू शकतो, असे संशोधकांचे स्पष्टीकरण आहे. केवळ भूमितीच्या बळावर इतकी सहनशक्ती मिळावी, हे मला या रसायनशास्त्रातले सर्वांत देखणे सत्य वाटते.

तांब्याचे वागणेही तितकेच विलक्षण आहे. सुमारे २०० अंशांना अमोनियाचे दोन रेणू तांब्याच्या आयनाला वेढून चौकटीपासून मोकळे करतात. असे दोन आयन एकाच पोकळीत आले की त्यांच्यामध्ये ऑक्सिजनचा रेणू बांधला जातो आणि अभिक्रियेचे चक्र पुढे सरकते. म्हणूनच इंधनातून येणारे गंधक येथे घातक ठरते: ते तांब्याशी जखडून त्याची ही हालचाल रोखते, आणि कमी तापमानातली कार्यक्षमता सर्वांत आधी घटते. उत्प्रेरक तापवून बरेचसे गंधक काढता येते, परंतु अशा प्रत्येक वेळी चौकटीला पुन्हा गरम वाफ सोसावी लागते. त्यामुळे इंधनातच गंधक अत्यल्प असणे आवश्यक असते.