दंतमूळभंग : प्राणी-प्रतिमाने

दाताचे मूळ कसे तडकते आणि तडकल्यावर भरून येते का, हे अभ्यासण्यासाठी वापरले जाणारे प्राणी, त्यांचे जबडे किंवा सुटे दात. मूळ आडवे तुटते ते बहुधा आघाताने. कोकण किनाऱ्यावर माडावरून पडणे किंवा होडीच्या काठावर तोंड आपटणे ही ओळखीची कारणे. उभा तडा मुख्यतः रूट कॅनाल केलेल्या दातांत दिसतो. दोन्ही प्रश्नांना एकच प्रतिमान पुरत नाही.

आडवा भंग भरून येण्याचे चार प्रकार १९६७ मध्ये अँड्रियासन व यॉर्टिंग-हान्सेन यांनी माणसाच्या दातांवरून मांडले. जिवंत प्राण्यांत (विशेषतः कुत्रा, माकड) भंग कसा घडवावा, यावर मतभेद आहेत. कापणाऱ्या चकतीने छेद दिल्यास जागा नेमकी ठरते. पण चकतीच्या जाडीइतके डेंटिन (दाताचा आतला कठीण भाग) नाहीसे होते आणि फट खऱ्या भंगाहून रुंद राहते. टोल्याने तोडल्यास कडा खऱ्या मिळतात, दिशा मात्र हाती राहत नाही. भरून येणे पाहायचे असेल तर टोल्याची पद्धत अधिक ग्राह्य वाटते. कुत्र्याच्या मुळाच्या टोकाशी एका छिद्राऐवजी बारीक नलिकांचे जाळे असते. म्हणून पल्पच्या (दाताच्या आतील मऊ गराच्या) रक्तपुरवठ्याचे निष्कर्ष माणसाला लावताना जपावे लागते. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, तेव्हा त्याच्या दाढाच घ्याव्यात.

भारतात अशा प्रयोगांना १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा व १९९८ चे नियम लागू आहेत.

केवळ ताकद मोजायची असेल तर खाटकाकडचा म्हशीचा किंवा बकऱ्याचा खालचा जबडा चालतो. रवंथ करणाऱ्यांना वरचे पुढचे दात नसतातच. वय विचारून घ्यावे. नुकत्याच ‘दोन दाती’ झालेल्या (पहिले दोन कायमचे पुढचे दात आलेल्या) जनावराच्या नव्या दाताचे मूळ टोकाशी उघडे व भिंती पातळ असतात. ‘जुळलेल्या’चे (सगळे कायमचे पुढचे दात आलेल्या जनावराचे) मूळ पूर्ण झालेले असते. एका गटात दोन्ही मिसळले की आकडे विखुरतात.

दात चिमट्याने न उपटता भोवतीचे हाड कापून सोडवावा. फॉर्मॅलिनने डेंटिनमधील प्रथिने घट्ट बांधली जातात, म्हणून ते टाळावे; क्लोरामाइन-टी या जंतुनाशकात जास्तीत जास्त आठवडाभर, पुढे ४ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यात ठेवावा. कोकणातल्या दमट हवेवर भिस्त ठेवू नये : वातानुकूलित खोलीत मेजावर उघडा पडलेला दात सुकतो, ठिसूळ होतो आणि त्यात बारीक तडे जातात.

मुळावर ०.२–०.३ मिमी मेणाचा थर देऊन ते अ‍ॅक्रिलिकमध्ये बसवतात. मग मेण काढून त्या जागी रबरासारखे ठशाचे द्रव्य भरतात. हा पेरिओडाँटल लिगामेंटचा, म्हणजे मूळ हाडाशी बांधणाऱ्या तंतूंचा, पर्याय. तो गाळल्यास ताण अ‍ॅक्रिलिकच्या कडेशी साठतो आणि दात मानेशीच तुटतो. भार बहुधा मिनिटाला १ मिमी वेगाने देतात व तो एकाएकी घसरतो तेथील भार न्यूटनमध्ये नोंदवतात. त्याआधी मुळाआडून प्रकाश टाकून भिंगाखाली पाहावे. जुना तडा तेथे काळ्या रेघेसारखा दिसतो आणि असा दात बाजूला काढतात.