ड्यूररचा गेंडा (वुडकट, १५१५)

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररचं हे वुडकट, म्हणजे लाकडी ठशावरून छापलेलं चित्र. रेनेसान्समध्ये, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळात, वुडकटची ताकद केवढी होती हे बघायचं तर माझ्या मते आधी हेच बघावं. आणि यातला गेंडा निघाला होता गोव्याहून!

गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला, अल्बुकर्कने जानेवारी १५१५ मध्ये जहाजात चढवून पोर्तुगालच्या राजा मानुएलकडे पाठवला आणि २० मेला तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कोणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे वर्णनाचं पत्र आणि एक कच्चं स्केच पार ड्यूररच्या न्यूरेंबर्गपर्यंत गेलं आणि तेवढ्यावरच ड्यूररने चित्र काढलं. स्वतः त्याने गेंडा कधीच बघितला नाही, म्हणून कातडीच्या घड्या चिलखतासारख्या दिसतात, पायांवर खवले आहेत आणि मानेमागे एक छोटं जादा शिंगही.

आता ठशाचं. नाशपातीसारख्या घट्ट लाकडाच्या फळीवर चित्र उलटं उतरवायचं, मग प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंनी सुरी चालवून रेघांच्या मधलं मोकळं लाकूड काढून टाकायचं, म्हणजे फक्त रेघा वर उभ्या राहतात आणि शाई त्यांनाच लागते. एक रेघ तुटली की गेली. हे काम सहसा वेगळे कारागीर करायचे, जर्मनमध्ये त्यांना फॉर्मश्नायडर म्हणत, पण चित्रावर सही चित्रकाराची, गेंड्यावरही फक्त ड्यूररचीच आहे. त्या कारागिरांचं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही असं मला खरंच वाटतं.

तांब्याच्या पत्र्यावरच्या चित्रात शाई खाचेत बसते, त्याला वेगळा प्रेस लागतो. लाकडी ठसा मात्र छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांच्या बरोबरीने एकाच प्रेसमध्ये बसतो, म्हणून गेंड्याच्या डोक्यावर त्याची माहितीही छापता आली, आणि असे कागद स्वस्त पडायचे. १५२२ मध्ये धर्मसुधारक ल्यूथरचा जर्मन नवा करार (बायबलचा भाग) निघाला त्यातही चित्रकार क्रानाखची वुडकट्स होती.

१५१५ मध्येच आउग्सबुर्गचा चित्रकार हान्स बुर्कमायर यानेही गेंडा छापला, तो खऱ्या प्राण्याच्या जास्त जवळचा, पण त्याची आज एकच प्रत उरलीये, व्हिएन्नात. ड्यूररचा चुकीचा गेंडा मात्र निसर्गअभ्यासक गेसनरच्या १५५१ पासून निघालेल्या प्राणिग्रंथात गेला आणि १८व्या शतकापर्यंत लोक त्यालाच खरा धरून चालले.

खरा गेंडा १५१६ मध्ये पोपकडे नेताना इटलीजवळ जहाजासकट बुडाला. ठशाला पुढे पायांजवळ चीर गेली, तरी तो छापत राहिले.