डेलियाचं उलटं पंचांग

अनंत चतुर्दशी झाली, पाऊस जरा सैलावला, की पुण्यात डेलियाची फुलझाडं लावणाऱ्या घरांमध्ये वाळू उपसायला सुरुवात होते. जिन्याखाली, मोरीच्या कडेला, पलंगाखाली पुरून ठेवलेले कंद बाहेर काढायचे आणि किती तगले ते बघायचं. कंद आधी दाबून बघतात. टणक लागला तर जीव आहे, बोट आत गेलं तर संपला. मग जुन्या खोडाच्या बुडाला कंद जिथे चिकटलेला असतो, त्या मानेपाशी बाजरीच्या दाण्याएवढा गुलाबीसर फुगवटा शोधायचा. तो डोळा. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाला फक्त मानेशी. मान मोडलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी त्याला मुळ्या फुटतील, कोंब येणार नाही.

घटस्थापनेच्या सुमारास लावणी, डिसेंबर-जानेवारीत फुलं, होळीनंतर पानं पिवळी, पाडव्याच्या आसपास कंद वर. पुढचे पाच-सहा महिने साठवण. हे आपलं वेळापत्रक. डेलियावरची विलायती पुस्तकं मात्र याच्या नेमकं उलट सांगतात: वसंतात लावा, हिमाने पानं काळवंडली की नोव्हेंबरात काढा, कंदांना थंडी लागू देऊ नका. हा उलटसुलटपणा समजून घ्यायचा तर या झाडाचा प्रवास बघावा लागतो.

डेलिया मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या डोंगराळ भागातला. तिथल्या अझ्टेक लोकांच्या भाषेत त्याच्या एका नावाचा अर्थ पाण्याची नळी असा होतो. कुठल्याही डेलियाचा जून दांडा आडवा कापून बघा, आतून पोकळ असतो. स्पेनच्या राजाने पाठवलेला वैद्य फ्रान्सिस्को हर्नांदेस याने १५७० च्या दशकात त्याची नोंद केली, पण युरोपच्या बागेत पोचायला झाडाला आणखी दोनशे वर्षं लागली. १७८९ साली मेक्सिको शहरातल्या वनस्पती उद्यानातून ते माद्रिदला गेलं आणि १७९१ मध्ये तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ कावानियेस यांनी त्याला स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ अँडर्स डाल यांचं नाव दिलं. डाल तेव्हा हयात नव्हते. आपण इंग्रजांच्या तोंडून ऐकलं म्हणून 'डेलिया' म्हणतो, नाहीतर मूळ नावाच्या जवळचा उच्चार 'डालिया'च.

सुरुवातीला युरोपात लोकांनी कंद खाऊनही बघितले. बटाट्यासारखं पोटभरीचं काही मिळेल अशी आशा होती. चव कोणाला रुचली नाही आणि झाड फुलासाठीच राहिलं.

कंद जपण्याच्या दृष्टीने मला या इतिहासातला सगळ्यात मोलाचा प्रसंग १८७२ चा वाटतो. मेक्सिकोहून नेदरलँड्सला एक खोका आला. वाटेत आतला माल सडून गेला होता, एकच कंद जिवंत निघाला. तो लावला तर पाकळ्या कडांनी मागे वळलेलं, टोकदार, लालभडक फूल आलं, तोवर युरोपात कोणी न पाहिलेलं. मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांचं नाव त्याला दिलं गेलं. आज आपण ज्याला कॅक्टस डेलिया म्हणतो, तो सगळा गोतावळा त्या एका कंदापासून सुरू झाला. सडलेल्या खोक्यातूनही चाचपून बघणाऱ्या त्या हातांचे आभार मानावेत तेवढे थोडे. मेक्सिकोने पुढे १९६३ मध्ये डेलियाला राष्ट्रीय फूल ठरवलं.

आपल्याकडे तो इंग्रजांच्या बंगल्यांतून आणि बागांतून आला. पुण्यात अशा हौसेला जागा होती: पश्चिम भारताची कृषी-उद्यान संस्था १८३० ची, तिच्याकडे एम्प्रेस गार्डन, आणि १८७३ पासून गणेशखिंडीचं वनस्पती उद्यान. भारतातल्या बागकामावर इंग्रजीत मार्गदर्शक लिहिणारे जॉर्ज मार्शल वुड्रो या गणेशखिंडीच्या बागेचेच अधीक्षक होते. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन आजही जानेवारीत भरतं, आणि डेलियाचा भर नेमका तेव्हाच असतो.

आता खरी गंमत. मेक्सिको शहर आणि पुणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, ते १९ च्या थोडं वर, आपण साडेअठरावर. पाऊसही दोन्हीकडे जून ते सप्टेंबर. मग डेलिया आपल्याकडे पावसाळ्यातच का नाही लावायचा? फरक उंचीचा आहे. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर, पुणे ५६० वर. तिथल्या पावसाळी रात्री १२-१३ अंशांवर उतरतात, तशा रात्री आपल्याला मिळतात डिसेंबरात. शिवाय आपली काळी माती श्रावणात पाणी धरून बसते आणि कोवळी मुळं कुजवते. थोडक्यात, पुण्याच्या माळ्यांनी मेक्सिकोचा पावसाळा आपल्या हिवाळ्यात शोधून काढला.

यात एक फायदाही झाला. दिवस बारा तासांपेक्षा लहान झाला की डेलिया कंद भरू लागतो. इंग्लंडात असे दिवस येतात न येतात तोच हिम पडतं. आपल्याकडे सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत दिवस लहानच, त्यामुळे कंद पोसायला पूर्ण हंगाम मिळतो. आपली अडचण त्यानंतर सुरू होते. डेलियाच्या कंदाची साल पातळ असते, बटाट्यासारखी जाड नाही, त्यामुळे एप्रिल-मेच्या ३८-४० अंशांत तो सुरकुतून वाळतो. त्यातून वाचला तर जून-जुलैच्या दमटपणात बुरशी गाठते. विलायतेत एकच शत्रू, आपल्याकडे पाठोपाठ दोन.

माझी आजी पाझरणारा जुना माठ यासाठी राखून ठेवायची. कंद न धुता आठवडाभर सावलीत वाळवायचे, कापलेल्या जागी चुलीतली राख लावायची, मग माठात वाळूचा थर, कंदाचा थर, पुन्हा वाळू. कंद एकमेकांना टेकता कामा नयेत, म्हणजे एक कुजला तरी शेजारचा वाचतो. मे महिन्यात दोनदा वाळूवर पाण्याचा हबका, मृग लागला की तोही बंद. मी पहिल्या वर्षी सोय म्हणून तेच कंद प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले आणि ऑगस्टमध्ये पिशवी उघडली तेव्हा आत आंबूस वासाचा काळा लगदा होता. तिच्या हातचा जांभळा डेलिया त्यात गेला. तो रंग मला पुन्हा कुठे मिळालेला नाही.

आता बरेच जण साठवणीच्या वाटेला जातच नाहीत. ऑक्टोबरात रोपवाटिकेतून छाट कलमाची रोपं आणायची, फेब्रुवारीत कुंडी रिकामी करायची. अशी रोपं कितीतरी वेळा कोलकात्याकडून येतात. झारखंडातल्या देवघर गावच्या रामकृष्ण मिशनमधल्या स्वामी विनयानंदांसारख्यांनी इथल्या हवेला मानवणाऱ्या जाती पूर्वेकडेच घडवल्या. रोपं चांगली असतात, फुलंही मोठी येतात. पण ज्याला आपल्याच झाडाचं फूल पुढच्या वर्षी बघायचंय, त्याला कुंडीत कंद ठेवून पाणी तोडता येतं. ती कुंडी वळचणीला आडवी करून ठेवायची, वळवाचा थेंब आत जाता कामा नये. यंदा माझ्या तीन कुंड्या अशा आडव्या होत्या. दोन कुजल्या. तिसरीतल्या कंदाच्या मानेवर तीन डोळे सुजलेत, आणि चाकू गरम पाण्यातून काढून मी ते वेगळे करायला बसते आहे.